औषधजन्य दुःख आणि तप

रोगाचे दुःख न बोलावता येते. औषधाचे दुःख मनुष्य स्वतःच्या संमतीने स्वीकारतो. हा भेद वरवर पाहता लहान वाटतो, परंतु साधकाच्या दृष्टीने तो लहान नाही. ताप आला, सांधे धरले, दमा लागला, तर 'आले ते भोगावे' असे म्हणून साधक स्वस्थ राहू शकतो. परंतु ज्या उपचाराने केस गळतील, तोंड येईल, बोटे बधिर होतील हे आधी सांगूनच तो दिला जातो, आणि ज्यासाठी रुग्ण ठरल्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत जातो, त्या उपचाराच्या दुःखास काय म्हणावे? ते प्रारब्ध होय, की तप होय, की केवळ देहलोभाचे मूल्य होय? कर्करोग आज गृहस्थांच्या घरांत तसाच आश्रमांतही येऊन बसलेला असल्यामुळे हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहिलेला नाही.

विचार सुलभ व्हावा म्हणून एका वृद्ध तपस्विनीचे उदाहरण कल्पावे. अनुसरण घेऊन तिला चाळीस वर्षे झाली आहेत. भिक्षा, अटन, विजन आणि नामस्मरण यांत आयुष्य गेले. एके वर्षी मानेत व काखेत गाठी दिसू लागतात, संध्याकाळी अंग तापते, देह झडत जातो. गाठीचा तुकडा तपासल्यावर लसीका ग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, असे निदान होते. डॉक्टर सांगतात की हा रोग औषधाने हटण्याजोगा आहे. पुष्कळ रुग्णांत तो समूळ जातोही. त्यासाठी सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन व व्हिन्क्रिस्टीन ही तीन औषधे शिरेवाटे द्यावयाची, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस घ्यावयाच्या, आणि असा क्रम दर २१ दिवसांनी, बहुधा सहा वेळा, करावयाचा. लिम्फोमाच्या काही प्रकारांत रिटुक्सिमॅब हे आणखी एक औषध याला जोडतात. पुढील सर्व विवेचन या एका उदाहरणास धरून केले आहे.

या औषधांची उत्पत्ती पाहिली असता प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, शत्रुसैन्यावर मस्टर्ड नावाचा विषारी वायू सोडण्यात आला. त्याने होरपळलेल्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होत असल्याचे पुढे वैद्यांच्या ध्यानात आले. जे द्रव्य पांढऱ्या पेशींचा संहार करते, ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर का चालू नये, या तर्काने १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात त्याच जातीचे द्रव्य लिम्फोमाच्या एका रुग्णास देण्यात आले. गाठी विरल्या, परंतु काही आठवड्यांत पुन्हा आल्या आणि तो रुग्ण त्याच वर्षी निवर्तला. सायक्लोफॉस्फामाइड हे त्याच कुळातील औषध होय.

व्हिन्क्रिस्टीनची कथा घरच्या अंगणातील आहे. ते सदाफुलीपासून निघते. मूळची मादागास्कर बेटावरील ही वनस्पती आज आपल्याकडे कोणत्याही तुळशीवृंदावनाशेजारी, आश्रमाच्या कुंपणाशी, बारमाही फुललेली आढळते. मधुमेहावरील लोकौषध म्हणून तिची ख्याती होती. कॅनडातील संशोधकांनी १९५० च्या दशकात तिचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्या घटीतूनच कर्करोगावरील औषधांचा एक वर्ग हाती आला. (येथे एक सूचना आवश्यक आहे. सदाफुलीची पाने घरी चावून किंवा काढा करून घेणे हा उपचार नव्हे. ती विषारी आहेत. औषध म्हणून जे देतात ते मिलिग्रॅमने मोजून दिलेले शुद्ध द्रव्य असते.)

या दोन्ही वृत्तांतांत एकच गोष्ट दिसते. ज्याला आज दुष्परिणाम म्हणतात, त्याच्याच दर्शनाने गुणाचा शोध लागला. पांढऱ्या पेशींचा नाश हा दोष होता. तोच गुण ठरला. याचे कारण असे की ही औषधे मुख्यतः वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाची पेशी वेगाने विभागते. तशीच केसाच्या मुळाची, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराची आणि अस्थिमज्जेतील रक्त निर्माण करणारी पेशीही विभागते. औषधाला वेग कळतो. हा आपला, हा वैरी, असा विवेक त्याच्या ठायी नाही. शिवाय कर्करोगाची पेशी ही बाहेरून आलेली नव्हेच; ती याच देहाची, मर्यादा सोडलेली पेशी आहे. म्हणून गुण आणि दोष ही दोन कर्मे नसून एकाच कर्माची दोन फळे होत. गुण तेवढा घ्यावा व दोष ठेवावा असे करता येत नाही. फार तर मात्रा, काळ आणि साहाय्यक औषधे यांच्या योगाने दोष सोसण्याइतका ठेवता येतो. १९९० च्या दशकापासून ओंडान्सेट्रॉनसारखी वांतिरोधक औषधे मिळू लागल्यामुळे पूर्वीची अनावर ओकारी आज पुष्कळ आटोक्यात आली आहे, ती याच मार्गाने.

आता त्या २१ दिवसांचा क्रम पाहावा. पहिल्या दिवशी शिरेत तांबडे औषध जाते. लघवीला एक-दोन दिवस तांबूस रंग येतो, तो रक्ताचा नसून डॉक्सोरुबिसिनचा असतो. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून पाणी भरपूर प्यावे लागते. प्रेडनिसोलोनने झोप उडते, मधुमेह असल्यास साखर चढते, आणि गोळ्या थांबल्या की अंग गळून जाते. अन्नाला धातूसारखी चव येते. आतड्यांची गती मंदावून मलावरोध होतो. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात; हा काळ सर्वांत धोक्याचा. दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. पुढे पुढे बोटांची टोके व तळपाय बधिर होतात. आणि जरा बरे वाटू लागते न लागते तोच पुढची तारीख येते.

शंका — अहिंसा हे ज्याचे व्रत, त्याने पेशींचा संहार करणारे औषध घ्यावे काय?

समाधान — नख, केस किंवा रक्त याप्रमाणे पेशी हा देहाचाच अंश होय. तो कोणी आश्रयाला आलेला स्वतंत्र प्राणी नव्हे. कुजलेला अवयव काढण्यास हिंसा म्हणत नाहीत, तद्वत् येथेही समजावे. अशक्तपणासाठी कोणी अंडी सुचवितात. तेथे मात्र व्रताचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. दूध, दही, डाळी, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळतात, हे आहारतज्ज्ञास विचारल्यास तोही सांगेल. प्रश्न न विचारता उपाशी राहणे हे व्रतपालन नव्हे.

शंका — रोग हे कर्मफळ होय. ते भोगून संपवावे. औषधाने त्यात अडथळा का आणावा? आणि औषधाचेही दुःख होतच असेल तर तेही त्याच कर्माचे फळ म्हणून मुकाट्याने का भोगू नये?

समाधान — कर्माला फळ आहे हे मानणे वेगळे, आणि अमुक व्यक्तीच्या अमुक दुःखाचे कर्म कोणते हे आपणास कळले असे मानणे वेगळे. पहिली श्रद्धा होय. दुसरा अहंकार होय. लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांत रोगाचे नेमके कारण वैद्यकालाही बोट ठेवून दाखविता येत नाही. जेथे कारण ठाऊक असते, जसे तंबाखू व मिश्रीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात, तेथेही आजाऱ्याच्या उशाशी बसून कारणाचा उच्चार करण्याने जबडा उघडत नाही. कर्माचा विचार स्वतःच्या दुःखात स्वतःस धीर देण्यासाठी आहे. तो दुसऱ्याच्या दुःखावर निकाल देण्यासाठी वापरला की शास्त्राचे शस्त्र होते. आणि फळच म्हणावयाचे तर वैद्य भेटणे, औषध लागू पडणे, कोणी भाताची पेज करून आणणे, हीही फळेच म्हटली पाहिजेत. दुःख तेवढे कर्माच्या खात्यावर मांडावे आणि उपाय तेवढा खात्याबाहेर ठेवावा, याला आधार काय?

शंका — तर मग औषधाचे दुःख स्वेच्छेने घेतले आहे म्हणून त्याला तप म्हणावे. तपस्विनीने ते न सांगता, न कण्हता सोसावे. त्यातच तिची शोभा आहे.

या शंकेचा विचार सर्वांत सावधपणे केला पाहिजे, कारण ती भक्तीच्या वेषात येते आणि प्राण घेऊ शकते. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना अंगात १००.४ अंश फॅरनहाइट ताप भरला, तर तो साधा ताप नव्हे. तासाभराचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते. जंतूंशी लढणारे सैन्यच उरलेले नसल्यामुळे सकाळी किंचित कणकण वाटणारा मनुष्य रात्रीपर्यंत हाताबाहेर जाऊ शकतो. जी तपस्विनी 'उगाच कोणास त्रास नको' म्हणून पांघरूण ओढून पडते, ती सोशीकपणाने नव्हे, मौनाने मरते. बोटांच्या बधिरतेचेही तसेच. दर खेपेस डॉक्टर विचारतात, लुगड्याची गाठ मारता येते का, हातातून भांडे निसटते का. 'सर्व ठीक आहे' असे उत्तर मिळाले तर व्हिन्क्रिस्टीनची मात्रा तशीच चालू राहते, आणि जी बधिरता मात्रा कमी करून थोपविता आली असती ती जन्माची होऊन बसते. म्हणजे येथे दुःख सांगणे ही तक्रार नव्हे. तो उपचाराचाच एक भाग होय. विचारले असता जसे आहे तसे सांगणे यालाच सत्य म्हणतात. दुःख लपविणारा साधक सहनशीलतेच्या नावाखाली असत्य बोलतो.

मग या दुःखात तप मुळीच नाही काय? याचे उत्तर शोधण्यासाठी दोन गोष्टींकडे पाहावे: केस आणि चव.

अनुसरण घेताना तपस्विनीने मुंडन केले होते. औषधाने तिचे डोके पुन्हा तसेच होते, आणि पाहणारा म्हणतो, हिला काय त्याचे! शेजारच्या खाटेवर तेच औषध घेणारी एक गृहिणी आहे. सकाळी उशीवर केसांचा पुंजका पाहून ती हुंदके देते, आरशावर कापड टाकते. दोन्ही डोकी दिसावयास सारखी. पण एकीने केस दिले होते, दुसरीचे नेले गेले. देण्यात आणि नेले जाण्यात जो भेद आहे तोच त्याग आणि हानी यांतील भेद होय. तपस्विनीने त्या गृहिणीस 'केसांचे काय एवढे' असे म्हणू नये. ज्याने एखादी वस्तू स्वखुशीने सोडली, त्याला ती हिरावली गेलेल्याच्या दुःखाची किंमत ठरविण्याचा अधिकार येत नाही. ते केस औषध थांबल्यावर बहुधा पुन्हा उगवतात, हे सांगणे मात्र खरे आणि हिताचे आहे.

आता चव पाहावी. चाळीस वर्षे तपस्विनीने मिळेल ती भिक्षा एकत्र कालवून खाल्ली, जिभेला लाड मागू दिले नाहीत. आता औषधाने जिभेची चवच गेली आहे. वरण आणि पाणी, गूळ आणि भाकरी, सर्वांस सारखाच धातूचा वास. कोणी म्हणेल, जे साधनेने साधावयाचे ते अनायासे साधले. परंतु असे नाही. चव कळत असता तिच्या मागे न धावणे हा जिव्हाजय. चव न कळणे हा केवळ जिभेचा रोग. आंधळ्याने डोळे मिटले असे कोणी म्हणत नाही. किंबहुना येथे साधना उलटी होते. पूर्वी रुची असता आवरावे लागे. आता अरुची असता घासामागून घास गिळावा लागतो, कारण वजन घटले तर पुढील औषध लांबते. 'मला नको' हे म्हणणे आता सोपे झाले आहे, आणि जे सोपे झाले ते तप राहिले नाही. वाटीभर पेज संपविणे हे आज तिचे तप होय.

यावरून सिद्धांत असा निघतो: औषधाने जे गळते तो त्याग नव्हे, आणि औषधाने जे दुखते ते आपोआप तप नव्हे. दुःख हे प्रपंचातील एक घटना आहे. देह प्रपंचाचा, औषध प्रपंचाचे, दोहोंच्या संयोगाने वेदना उठते. तिच्यात स्वतःचे असे पावित्र्य नाही, तसा कलंकही नाही. तप असलेच तर ते त्या वेदनेस जीव जे उत्तर देतो त्यात असते. खरे सांगणे, सांगितलेले करणे, दुसऱ्याकडून सेवा घेताना अभिमान सोडणे, आणि उरलेल्या साधनाने स्मरण चालविणे, ही ती उत्तरे होत.

शंका — परंतु या उपचारात आचार मोडतो, त्याचे काय? भिक्षेचे अन्न वर्ज्य होते, अटन बंद पडते, एकांत सुटून रुग्णालयाच्या गर्दीत राहावे लागते.

समाधान — घरोघरचे, गार झालेले, उघडे राहिलेले अन्न पांढऱ्या पेशी घटलेल्या देहास बाधू शकते. ताजे शिजविलेले, झाकलेले, गरम अन्न घ्यावे लागते. प्रत्येक प्रसंगी काय करावे हे त्या त्या आश्रमाच्या महंतांनी ठरवावे. परंतु विचाराची दिशा स्पष्ट आहे. भिक्षेचा नेम अन्नावरील मालकी सुटावी म्हणून आहे. आज जिला स्वतःच्या हाताने चूल पेटविता येत नाही, जी दुसऱ्याने दिलेल्या पेजेवर अवलंबून आहे, तिची मालकी कोठे उरली? पाय बधिर असता काठावरून चालणे हे अटन नसून पडण्याची तयारी होय. नेम सामर्थ्यासाठी असतो. सामर्थ्य परतले की नेम परत घ्यावा. नेम सुटला म्हणून तपस्विनी भ्रष्ट झाली असे जो म्हणतो, त्याने नेमाचा हेतू पाहिलेला नाही.

स्मरणाविषयीची तिची तळमळ मात्र इतक्या लवकर शमणार नाही. माळेचा मणी बोटांना कळत नाही. किती झाले ते ध्यानात राहत नाही. तोंडात फोड आल्याने नाव उच्चारवत नाही. आणि औषधाने बुद्धीवर असे मळभ येते की नित्याचे पाठही मध्येच तुटतात. चाळीस वर्षांची संपत्ती कोणी नेली असे तिला वाटते. हे मळभ खरे असते, तिच्या भक्तीची उणीव नव्हे, आणि पुष्कळांत ते काळाने उतरते, एवढे तिला कोणीतरी सांगितले पाहिजे. तिच्याजवळ बसून शिष्येने पाठ म्हणावा आणि तिने ऐकावे. मोजणी राहिली तर राहू द्यावी. मणी बोटांना कळावा हा स्मरणाचा नियम होता. परमेश्वर बोटांना कळत होता असे तर कोणी म्हटले नव्हते.

येथवरच्या सर्व विवेचनाला एक गृहीत आहे: रुग्णास आपला रोग ठाऊक आहे. अनेक घरांत आणि आश्रमांतही तो सांगत नाहीत. 'गाठींचा ताप आहे, सुया घेतल्या की जाईल' असे म्हणून नेतात. हेतू प्रेमाचा असतो. परंतु ज्याला कारण ठाऊक नाही त्याने दुःखास संमती दिली असे म्हणता येत नाही. मग ते दुःख त्याच्यावर लादलेलेच ठरते. केस गळताना, शेजारच्या खाटा पाहून, त्यास बहुधा सर्व कळतेच. फक्त ज्यांच्याशी बोलावे तेच खोटे बोलत असल्यामुळे तो एकटा पडतो. हळूहळू, तो विचारील तितके, परंतु खरे सांगावे. आपला अंतकाळ जवळ आहे की दूर हे जाणण्याचा अधिकार साधकाहून अधिक कोणास असणार?

आणि संमती देता येते याचा अर्थ ती परतही घेता येते. उपचाराने रोग हटेल अशी वाजवी आशा असताना केवळ त्रासाला कंटाळून तो टाकणे, हे मनुष्यदेहाची संधी अकाली टाकणे होय. परंतु औषधे निष्फळ झाली, रोग पुन्हा पुन्हा उलटला, आणि पुढील प्रत्येक मात्रेने केवळ दुःखच वाढणार असे वैद्यच सांगू लागला, तर 'आता पुरे' म्हणणे हा आत्मघात नव्हे. तेथे मृत्यू रोगाने येतो, नकाराने नव्हे. त्या अवस्थेतही वेदनाशामक औषध नाकारू नये; वेदनेने व्यापलेल्या चित्तात स्मरणाला जागा राहत नाही. देह धरावा की सोडावा याचा निकष एकच: तो कशासाठी राखला जात आहे.

शेवटी, जे रुग्ण नाहीत त्यांचे कर्तव्य. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून विदर्भ, खानदेश, मराठवाडा येथून, तसेच अन्य प्रांतांतून, माणसे तेथे येत आहेत; कित्येकांना राहावयास जागा न मिळाल्याने रस्त्याच्या कडेला बिछाना टाकावा लागतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. तिच्या दारात कोणास त्याचे पूर्वकर्म विचारीत नाहीत. नागपूर, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, यांसारख्या ठिकाणीही आता हे उपचार होतात. तेथेही सोबतीला माणूस, डबा आणि बस-रेल्वेचे भाडे या तीनच गोष्टींवाचून कित्येकांचा क्रम तिसऱ्या-चौथ्या खेपेस तुटतो. उपदेश करणारे पुष्कळ मिळतात. सातव्या ते चौदाव्या दिवसात रात्री ताप पाहणारा एक हवा असतो.

पाठलागाने धापा टाकीत श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयाला आलेल्या सशाची लीळा सर्वश्रुत आहे. त्या सशाला त्याचे प्रारब्ध विचारले गेले नाही. तो भयाने थरथरला म्हणून त्यास उणे लेखले गेले नाही, की आपले भय लपवून दाखव असेही सांगितले गेले नाही. तो आला, आणि त्याला जवळ घेतले गेले. कुंपणाशी फुललेली सदाफुली पाहताना त्या तपस्विनीला तिची बधिर बोटे आठवतील. शेजारी बसणाऱ्याला मात्र तो ससा आठवावा.

इत्यलम्।